अडीच वाजता, हौदापाशी

"आज अडीच वाजता माझे सासरे मरतील," मानसी परब म्हणाली. पाण्याचा पेला तिने न पिताच टेबलावर ठेवला.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात दर्शना वानखडे यांचे खासगी चौकशीचे कार्यालय होते. मधुकर राणे यांची नजर आपसूक भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. पावणेअकरा. बत्तीस वर्षे बस चालवून निवृत्त झालेला हा गृहस्थ आता दर्शनाताईंची गाडी चालवी, टिपणे घेई, आणि बहुतेक प्रकरणांत हमखास चुकीच्या माणसावर संशय घेई.

"कोण मारणार आहे?" दर्शनाताईंनी विचारले. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. विमा कंपनीसाठी आगी आणि यंत्रांच्या नुकसानीची पाहणी करण्यात त्यांची पंधरा वर्षे गेली होती. तो आवाज तिथलाच होता.

"तेच तर कळत नाही. पोलीस विचारतात, संशय कोणावर? घरात आम्ही चौघं. संशय घ्यायचा तर ज्यांना जेवायला वाढते त्यांच्यावरच घ्यायचा."

"पहिल्यापासून सांगा. वार चुकवू नका."

परबांचा गोठा आरे कॉलनीत होता. बारा म्हशी आणि एक पारडी. सासरे धाकू परब मूळचे मालवणकडचे, वय बहात्तर. त्यांचे धाकटे भाऊ चंद्रप्रकाश अविवाहित. पंप, नळ, विजेची सगळी कामे त्यांच्याकडे. मानसीचा नवरा राजेश टॅक्सी चालवायचा. दूध काढायचे ते मानसी आणि धाकू, दोघेच.

"मागच्याच्या मागच्या रविवारी जेवताना आप्पा म्हणाले, गोठ्याचा परवाना मानसीच्या नावावर करतो. मंगळवारी आमची चांदरी म्हैस मेली. मी तिला पाण्यावर सोडली होती. हौदाला तोंड लागलं मात्र, आणि ती जागच्या जागी ताठ झाली. ओरडलीसुद्धा नाही. इतकं शांत होतं ताई, की तिचा शेवटचा सुस्कारा मला दारातून ऐकू आला."

"तुम्ही काय केलंत?"

"किंचाळले आणि धावले. चंदूकाका पंपाच्या खोलीतून ओरडले, 'मागे हो, शिवू नको!' मग तेही धावत आले. शेण भरणाऱ्या शांताबाई माझ्यासमोरच होत्या, त्यांनी मला धरून ठेवलं."

"पाण्याला रोज कोण सोडतं?"

"आप्पा. बरोबर अडीचला ते आधी हौद घासतात, नळ पुसतात, मग म्हशी सोडतात. त्या दिवशी ते राजेशबरोबर परवान्याच्या कागदांसाठी गेले होते. चंदूकाकांना वाईट वाटेल म्हणून घरात बोलले नव्हते. त्यांना यायला तीन वाजले."

जनावरांच्या डॉक्टरांना चांदरीच्या पोटात विष सापडले नव्हते. हौदाचे पाणीही स्वच्छ निघाले होते. गुरुवारी अडीच वाजता धाकू स्वतः हौद घासताना मागच्या चाऱ्याच्या ढिगावर फेकल्यासारखे पडले. इस्पितळात सांगितले, हृदयाचे ठोके बिघडलेत, वयच झाले आहे. काल संध्याकाळी ते घरी आले होते.

"आता ते म्हणतात, जागेचा राखणदार रागावलाय. आज अडीचला हौदापाशी नारळ ठेवून त्याला गाऱ्हाणं घालणार. मला पोटातून वाटतं ताई, ते तिथे गेले की परत यायचे नाहीत."

"मग जाऊच देऊ नका ना त्यांना!" मधुकर म्हणाले.

मानसीने त्यांच्याकडे पाहिले. "तुम्ही त्यांना थांबवून बघा, काका."

*

आरेतला रस्ता मधुकरांच्या हाताखालचा होता. एरवी त्या झाडांच्या सावलीत त्यांना बरे वाटे. आज सावली संपू नये असे वाटत होते, कारण ती संपली की गोठा येणार होता.

आत पाऊल टाकताच त्यांच्या अंगावर काटा आला. अकरा म्हशी दोन रांगांत उभ्या होत्या आणि एकही रवंथ करत नव्हती. टोकाला सिमेंटचा हौद काठोकाठ भरलेला होता. भिंतीतून आलेल्या लोखंडी नळाचे तोंड त्या पाण्यात बुडाले होते. म्हशींनी साखळ्या ताणून माना दुसरीकडे वळवल्या होत्या. जिभा बाहेर, नाकपुड्या कोरड्या, आणि पाण्याकडे पाठ. हौदाजवळच्या म्हशीचे कातडे सारखे थरथरत होते.

"तहान लागलीय आणि पीत नाहीत," मधुकर पुटपुटले. "ताई, इथे खरोखरच काहीतरी आहे."

"आहे तर," दर्शनाताई म्हणाल्या.

शांताबाई घमेले कमरेवर घेऊन उभ्या होत्या. "अहो, पीत कशा नाहीत? पितात की! हौदातलं पाणी बादलीत काढून दिलं की घटाघटा पितात. तेच पाणी! हौदात ठेवलं की भूत, बादलीत घेतलं की अमृत. हे बादल्या उचलून माझी कंबर गेली, ती कोणी बघत नाही."

"आणि ती पारडी?" दर्शनाताईंनी कोपऱ्याकडे बोट केले. तिथे एक तुकतुकीत पारडी निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपातून निवांत पाणी पीत होती. तेवढ्या एकाच जनावराच्या डोळ्यांत भीती नव्हती.

"ती सोनी. चंदूभाऊंची लाडकी. तिची जागा हौदाशेजारी होती. त्या सोमवारी त्यांनी तिला इकडे बांधली आणि पिंप आणून दिला. मी म्हटलं, अहो, लेकीला माडीवर खोली दिलीत की काय! चांदरी मेली त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. तेव्हा आम्ही हसत होतो."

दर्शनाताई हौदापाशी गेल्या. त्यांच्या पिशवीत एक साधा बल्ब होता, होल्डरमधून दोन लांब वायरी काढलेला. एक वायर त्यांनी नळाला लावली, दुसरी जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्याला. बल्ब पेटला नाही.

"म्हणजे वीज नाही," मधुकरांनी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच अधिकच घाबरले. वीजही नाही, विषही नाही, मग उरले काय?

"आत्ता या क्षणी नाही," दर्शनाताई म्हणाल्या. "एवढंच सिद्ध झालं."

पंपाची खोली गोठ्याच्या मागे होती. मागच्या बाजूला एक खिडकी होती, पण तिथून हौद दिसत नव्हता. किल्ली गोठ्यातल्याच खिळ्याला अडकवलेली असे, कोणीही घ्यावी. आत मोटर, विजेचा फळा, आणि ज्या भिंतीतून नळाचा पाइप गोठ्यात जात होता त्या भिंतीशी छतापर्यंत रचलेली सरकी पेंडीची पोती. भिंतीला ओल होती.

"पेंड कधी ओलीत ठेवतात का?" मागून शांताबाई कुरकुरल्या. "आठ दिवसांत बुरशी येईल. कोणाचं डोकं कोण जाणे."

मधुकरांनी पोत्याला हात घातला. दर्शनाताईंनी त्यांचे मनगट धरले. "राहू द्या, दादा. जिथे आहे तिथे."

*

धाकू परब बाहेरच्या खोलीत बाजेवर बसले होते. नारळ, फुले, पानसुपारी समोर मांडलेली. पाय अनवाणी, टाचा भेगाळलेल्या.

"आप्पा, गोठ्यात सगळे गमबूट घालतात. तुम्ही?"

"माझो बापूस कधी गोठ्यात व्हाणा घालून गेलो नाय," म्हातारा म्हणाला. "मी कसो जातलंय? थय लक्ष्मी आसा. ही पोरां बूट घालून नाचतत, म्हणान तर राखणदार रागावलो."

"गाऱ्हाणं कसं घालायचं?"

"अनवाणी. आंगार पाणी ओतून घेवन, ओलेत्यान. उजवो हात नळाक लावन. तसा भगतान सांगल्यान."

"भगताशी तुम्ही बोललात?"

"नाय. फोनार चंदू बोललो. माका ऐकाक कमी येता." बोलता बोलता त्यांनी समोरचा नारळ सरळ करून ठेवला. "बाय, माका मराची भीती नाय. पण चांदरीचे डोळे बघितलंय मी. तसा मरान नको."

राजेश उंबऱ्यातच भेटला. पस्तिशीचा, दाढी वाढलेला, डोळे तांबारलेले. "वाट लागलीय आमची. सगळे माझ्याकडे बघतात. मला गोठा नकोय, हे मी दहा वेळा बोललोय ना! पण म्हणून बापाला मारेन का मी?"

"गुरुवारी वडिलांना तुम्ही उचललंत?"

"चाऱ्यावरून मीच उचललं. आधी नळाला हात लावला, हौदात हात घातला. काहीच नाही झालं."

"पायांत?"

"गमबूट. का?"

दर्शनाताई पुढे चालू लागल्या. मधुकरांनी मात्र वहीत राजेशच्या नावाखाली जाड रेघ मारली. फार बोलतो, स्वतःहून बोलतो, आणि हौदात हात घालूनही त्याला काही होत नाही.

चंद्रप्रकाश परब साठीचे, मऊ बोलणारे. सोनीच्या गळ्याखाली खाजवत ते म्हणाले, "दादाला काही झालं तर मी कोणाकडे बघायचं, ताई? लग्नसुद्धा केलं नाही मी. हा गोठाच माझा संसार."

"पारडीला वेगळं कधीपासून बांधलंत?"

"चांदरी गेली तेव्हापासून. भीती वाटली हो. मुकं जनावर."

"चांदरी पडली तेव्हा तुम्ही पंपाच्या खोलीत होतात?"

"पंप चालू होता ना. मानसीची किंकाळी ऐकली, आधी पंप बंद केला आणि धावलो."

"आज गाऱ्हाण्याच्या वेळी तुम्ही कुठे असाल?"

"पंपापाशी. गाऱ्हाणं संपलं की ताजं पाणी सोडायचं, असं भगत म्हणाला. दादाचा आवाज खणखणीत आहे, मला तिथे ऐकू येतो."

बाहेर आल्यावर मधुकरांनी घड्याळ पाहिले. दोन वाजायला पाच मिनिटे होती.

"ताई, राजेशला कुठेतरी अडकवून ठेवू या."

"राजेशला मी कामाला लावणार आहे," दर्शनाताई म्हणाल्या आणि फोन घेऊन झाडाखाली गेल्या. एक फोन त्यांनी पोलीस ठाण्यातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला केला. दुसऱ्या कोणाशी त्या बोलल्या नाहीत. फक्त राजेशला जवळ बोलावून दोन वाक्ये सांगितली. ऐकता ऐकता राजेशचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला.

*

अडीचला तीन मिनिटे कमी. चंद्रप्रकाश सगळ्यांना नमस्कार करून मागे गेले. हौदाभोवतीची फरशी त्यांनीच बादलीने भिजवून ठेवली होती.

दर्शनाताईंनी पुन्हा बल्ब काढला. एक वायर नळाला गुंडाळली, दुसरी खुंट्याला, आणि बल्ब गव्हाणीच्या कठड्यावर ठेवला. मग धाकूंच्या कानाशी तोंड नेऊन त्या म्हणाल्या, "आप्पा, इथूनच. पाच पावलं लांबून. कोरड्या गोणपाटावर उभे राहा. आणि मोठ्याने म्हणा."

"हात लावूक होयो..."

"आधी दुरून हाक मारा. राखणदार असेल तर त्याला ऐकू येईल."

मधुकरांना दर्शनाताईंनी खुणेनेच सांगितले: सोडू नका. त्यांनी म्हाताऱ्याचे दंड मागून धरले. ते हाडकुळे दंड इतके कापत होते, की कोण कोणाला धरून आहे हे त्यांना कळेना.

"बा देवा राखणदारा..." धाकूंचा आवाज फाटला, मग सावरला. "आज तुझी लेकरां तुझ्या पायाशी उभी आसत... काय चुकला असात तर पदरात घे..."

"व्हय म्हाराजा," मानसीने पुटपुटून साथ दिली.

गोठ्यात माशीही घोंगावत नव्हती. पंप बंद होता. अकरा म्हशींच्या माना एकदम ताठ झाल्या. मधुकरांना वाटले, त्यांना आपल्याआधी काहीतरी कळले आहे.

कठड्यावरचा बल्ब पेटला.

मंद, पिवळा, आजारी उजेड. आवाज नाही, ठिणगी नाही. फक्त तो बल्ब, आणि भरलेला हौद, आणि नळापर्यंत पसरलेली ओली फरशी. मधुकरांनी म्हाताऱ्याला आणखी मागे ओढले. मानसी जागच्या जागी खाली बसली.

दर्शनाताईंनी शेजारचे लोखंडी घमेले उचलून दणकन जमिनीवर टाकले. माणूस घमेल्यासकट कोसळावा तसा आवाज झाला.

दोन क्षण गेले. बल्ब विझला. मागे धावत्या गमबुटांचा आवाज आला आणि चंद्रप्रकाश "दादा! अरे माझ्या दादा!" असा हंबरडा फोडत दारात आले. डोळ्यांत पाणी तयार होते.

धाकू परब आपल्या पायांवर उभे होते.

चंद्रप्रकाशांचा हंबरडा अर्ध्यावर तुटला. त्यांच्या मागे राजेश उभा होता, आणि राजेशच्या मागे साध्या कपड्यांतला पोलीस अधिकारी.

"पंपाच्या खोलीच्या खिडकीतून बघितलं मी," राजेश म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "चंदूकाकांनी पोत्यांच्या मागे हात घातला. पंपाचं बटण नाही. दुसरंच. दाबलं, आणि आवाज आल्यावर परत वर केलं."

*

पोलिसांनी पोती हलवली. मागे एक जुने बटण आणि त्यातून थेट पाइपाला बांधलेली वायर निघाली. गळती होताच वीज तोडणारा स्विच बाजूला काढून ठेवलेला होता.

"मला अजून समजत नाही," मधुकर म्हणाले. "तुम्ही राजेशवर विश्वास कसा ठेवलात?"

"कारण मंगळवारी अडीच वाजता तो वडिलांबरोबर बाहेर होता. चांदरीला मारणारं बटण त्याला दाबता येणं शक्य नव्हतं." दर्शनाताई वायर गुंडाळता गुंडाळता बोलत होत्या. "विष नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं. तेच पाणी बादलीतून चालतं, हे शांताबाईंनी. म्हणजे दोष पाण्यात नव्हता, हौदात होता. सिमेंटच्या हौदात लोखंडी नळातून काय उतरू शकतं? वीज. ती सतत असती तर माझा बल्ब दुपारीच पेटला असता. म्हणजे कोणीतरी ती वेळ साधून सोडत होतं."

"पण राजेशला हात घालून काही झालं नाही."

"पायांत रबरी बूट. शिवाय तोवर बटण वरही गेलं असेल. गोठ्यात बाकी सगळे बूट घालतात. हौदापाशी ओल्यात अनवाणी उभा राहणारा माणूस एकच. हा सापळा पहिल्यापासून आप्पांसाठीच होता. चांदरी मेली, कारण पंपाच्या खोलीतून हौद दिसत नाही. रोज अडीचला तिथे आप्पा असतात. घड्याळ बघून बटण दाबलं गेलं. त्या दिवशी आप्पा बाहेर आहेत, हे घरात फक्त एकालाच माहीत नव्हतं. मानसीने म्हैस सोडली आणि त्यांच्या जागी चांदरी गेली."

चंद्रप्रकाश भिंतीला टेकून खाली बसले होते.

"मानसीवर मी विचार केला," दर्शनाताई शांतपणे म्हणाल्या. "पण फरशीत वीज उतरली आहे हे ठाऊक असणारी बाई त्या फरशीवर धावत जात नाही. शांताबाई तिच्यासमोर होत्या, बटणापाशी नव्हे. राहिले चंद्रप्रकाश. ते म्हणाले, 'पंप बंद केला आणि धावलो.' मानसी म्हणाली, इतकी शांतता होती की म्हशीचा सुस्कारा दारातून ऐकू आला. पंप चालू असता तर तो ऐकू आला असता का? मग त्यांनी बंद केलं ते काय?"

दर्शनाताईंनी वायर पिशवीत टाकली.

"त्यांनी मानसीला वाचवलं, हे खरं. 'शिवू नको' असं ओरडले. पण शिवल्याने मरण येतं, हे त्या घटकेला फक्त एकालाच ठाऊक असू शकत होतं. आणि सोनी. ते म्हणाले, चांदरी गेल्यावर हलवली. शांताबाई म्हणाल्या, आदल्या सोमवारी. परवान्याची गोष्ट निघाली रविवारी. लाडक्या जनावराला इजा होऊ नये म्हणून त्यांनी तिला आधी बाजूला केली. भगताचा निरोपही त्यांच्याच तोंडून आला: अनवाणी, ओलेत्याने, उजवा हात नळाला. गुरुवारी आप्पा चाऱ्यावर फेकले गेले म्हणून वाचले. आज हात सुटू नये, अशी व्यवस्था होती."

धाकू परब पुढे झाले. मधुकरांनी त्यांचा दंड अजूनही सोडला नव्हता.

"चंदू," ते म्हणाले, "कित्याक रे?"

"चाळीस वर्षां, दादा!" धाकट्या भावाचा मऊ आवाज पहिल्यांदाच चिरला. "चाळीस वर्षां मी ह्यो पंप सांभाळलंय, शेण काढलंय. आणि परवान्यार नाव कोणाचा? तीन वर्षांमागे इलेल्या सुनेचा! माका एकदा इचारलंस तरी?"

"म्हशी तिका पान्हो सोडतत," म्हातारा हळूच म्हणाला. "तुका सोडणत नाय. म्हणान."

त्यावर चंद्रप्रकाशांनी मान खाली घातली, ती गाडीत बसेपर्यंत वर केली नाही.

*

तीन वाजून गेले होते आणि अकरा कासा तटतटल्या होत्या. म्हशींना पोलिसांचे काय? मानसीने तोंडावर पाणी मारले, चरवी घेतली आणि पहिल्या म्हशीखाली बसली. म्हैस बराच वेळ आखडून उभी राहिली. राजेश बादल्या भरत होता, शांताबाई त्या पुढे सरकवत होत्या, आणि आज त्यांना कुरकुरायचे सुचत नव्हते. अखेर चरवीत पहिली धार वाजली.

दर्शनाताई बाहेर पोलिसांपाशी जबाब लिहून द्यायला गेल्या. जाताना त्या मधुकरांना म्हणाल्या, "तुम्ही आप्पांजवळ बसा."

धाकू बाजेवर बसले. त्यांचा हात मधुकरांच्या मनगटावर होता. पकड एखाद्या बुडत्या माणसासारखी. इतका वेळ मधुकर स्वतःला सांगत होते, की आता भिण्यासारखे काही उरलेले नाही.

"संपलं, आप्पा," ते म्हणाले. "आता कोणी काही करणार नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याचे डोळे कोरडे होते आणि दुपारपेक्षा जास्त भेदरलेले.

"राखणदार रागावलो असतो तर नारळ देवन समजूत घातलंय असतंय," तो म्हणाला. "भावाक काय देवू?"

म्हाताऱ्याने मनगट सोडले नाही, आणि दर्शनाताईंनी दोनदा हॉर्न वाजवूनही मधुकर उठले नाहीत.